धाकट्याला वाजवून पाहिलं

त्या दिवशी माल बाहेर जायचा होता, एवढंच काय ते विशेष. बाकी दिवस रोजच्यासारखाच होता. मी सकाळी साडेसातला डबा घेऊन कारखान्यात गेलो, स्टूल पुसलं, बाही दुमडली आणि बरण्यांच्या रांगेसमोर बसलो.

माझं काम काय ते तुम्हाला आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमचा चिनीमातीच्या बरण्यांचा कारखाना. भट्टीतून निघालेल्या बरण्या थंड झाल्या की ट्रॉलीवरून माझ्यासमोर येतात. मी प्रत्येक बरणीला वाकवलेल्या बोटानं तीन ठोके देतो. एक गळ्यावर, एक पोटावर, एक बुडाजवळ. चांगली भाजलेली बरणी खणकन वाजते. आत कुठे तडा असला, अगदी केसाएवढा, डोळ्याला न दिसणारा, तरी ती बद्द वाजते. बद्द वाजली की मी तिच्यावर लाल खडूनं फुली मारतो आणि ती फुटक्या मालात जाते. बाहेरून कितीही देखणी असो. बावीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही.

आणि आमच्याकडे एक रीत आहे. वाजवणाऱ्यानं एकदा पास केलेली किंवा फुली मारलेली बरणी पुन्हा कुणी वाजवायची नाही. मालकानंही नाही. मला ज्या म्हाताऱ्यानं हे काम शिकवलं, त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दुसऱ्यांदा वाजवलंस तर पहिल्यांदा तू खोटं बोललास असं होतं. ती वेळ आणू नकोस." मी बावीस वर्षांत ती वेळ आणली नव्हती. त्याचा मला गर्व होता. माझ्या कानाबद्दल कुणी शंका काढली तर मी त्याला उभा सोलून काढत असे.

माझा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात भट्टीच्या ट्रॉल्या ओढतो. आईबाप गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मी त्याला वाढवलं, त्याचं लग्न लावून दिलं, माझं राहून गेलं. आता तो, भावजय आणि मी, तिघं एकाच घरात राहतो. तीही मला दादाच म्हणते. धाकटा स्वभावानं गरीब, पण दुखण्याच्या बाबतीत फार हळवा. बोट कापलं तरी अर्धा दिवस फुंकर घालत बसेल. त्यावरून मी त्याची रोज खेचायचो, आणि तो रोज हसायचा.

अकराच्या सुमाराला मागच्या उतारावर मोठा आवाज झाला. चाकाखाली लाकडाचा ठोकळा नीट बसला नव्हता. भरलेली ट्रॉली मागं घसरली आणि तिचा लोखंडी दांडा धाकट्याच्या डाव्या कुशीत बसला, बरगड्या संपतात तिथं. मी धावत गेलो तेव्हा तो खाली बसला होता, भोवती माणसं होती. पण बरणी एकही फुटली नव्हती आणि तोही उठून उभा राहिला. "काही नाही, काही नाही," असं म्हणत हसलासुद्धा. मी जागेवर परत आलो.

अर्ध्या तासानं तो माझ्याजवळ आला. एक हात कुशीवर होता.

"दादा, आत जरा कसंतरी होतंय. डॉक्टरकडे जाऊन येऊ का?"

मी त्याचा सदरा वर केला. तळहाताएवढा लाल वळ होता, बस्स. ना रक्त, ना सूज. सुपरवायझर शेजारीच उभा होता. तो कुणाकडे न बघता म्हणाला, "चारला गाडी सुटायचीय हं आज." चार-पाच कामगार गंमत बघत होते. धाकटा माझ्या तोंडाकडे बघत होता, लहानपणी शाळेला बुट्टी मारायची असली की बघायचा तसं.

"ये इकडे," मी म्हणालो. "तुला वाजवूनच बघतो."

सगळे हसले. धाकटाही हसला आणि छाती पुढं काढून उभा राहिला. मी बोट वाकवलं आणि तीन ठोके दिले. एक गळ्याच्या हाडावर, एक पोटावर, एक डाव्या बरगडीवर.

आवाज आला नाही.

आता तुम्ही म्हणाल, माणूस काय बरणी आहे? पण तुम्ही आत्ता स्वतःच्या बरगडीवर ठोका मारून बघा. काहीतरी वाजतंच. उशीवर मारलं तरी वाजतं. माझ्या बोटाला त्याचं हाड लागलं, ऊब लागली, पण कानाला काहीच आलं नाही. खणकन नाही आणि बद्दही नाही. बावीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. मी हात पटकन मागं घेतला.

सगळे माझ्याकडे बघत होते.

"खणखणीत आहेस," मी म्हणालो. "लाग कामाला."

पुन्हा हशा झाला. धाकट्यानं सदरा खाली केला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला, आणि तेच मला आजही सहन होत नाही. त्याला खरंच बरं वाटलं. दादानं सांगितलं म्हणजे झालं.

एक वाजता मात्र तो पुन्हा आला. म्हणाला, "मी घरी जाऊन जरा पडतो." मग दाराशी थांबून हळूच विचारलं, "दादा, नक्की ना?"

"एकदा पास केलं ना तुला?" मी खेकसलो. तो गेला.

जेवून मी रांगेसमोर बसलो. पहिली बरणी बद्द वाजली. फुली मारली. दुसरी बद्द. तिसरी बद्द. एखाद्या भाजणीत दहा-वीस बरण्या अशा निघतात, त्यात नवल नाही. पण विसाव्या बरणीनंतर माझं बोट जड झालं. तिसाव्या बरणीनंतर मी घाम पुसला. माझ्यासमोर सगळ्या रांगेवर लाल फुल्या दिसत होत्या. पांढऱ्याशुभ्र, चकचकीत बरण्या, आणि एकही खणकन वाजेना. मी एका बरणीच्या तोंडाशी कान नेला, तेव्हा आतून वास आला. ताज्या भाजलेल्या मातीचा वास मला पाठ आहे. हा तो नव्हता. हा ओल्या लोखंडाचा वास होता, जरासा गोडसर… जीभ चावली गेली की तोंडात येतो तसा.

आमच्याकडे बरण्यांना झिलई चढवणाऱ्या एक मावशी आहेत. साठी उलटलेल्या, तोंडानं फटकळ. त्या पाणी प्यायला आल्या आणि रांग बघून थबकल्या.

"हे काय रे? अख्ख्या भट्टीवर फुल्या? मालकाला भिकेला लावतोस का?"

"बद्द आहेत सगळ्या."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मग आमच्या कारखान्यात कुणी केलं नसेल ते त्यांनी केलं. ओला हात पदराला पुसला आणि माझ्यादेखत एका फुलीवाल्या बरणीला ठोका दिला. बरणी खणकन वाजली. देवळातली घंटा वाजावी तशी स्वच्छ वाजली.

मी त्याच बरणीला, त्याच जागी ठोका दिला. बद्द.

त्यांनी पुन्हा दिला. खणकन. मी दिला. बद्द. मावशींचा चेहरा हळूहळू बदलला. त्या जवळ आल्या आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "सकाळी धाकट्याला वाजवलंस ना… तेव्हा तुला काय ऐकू आलं? खरं सांग."

मी हातातला लाल खडू खाली ठेवला.

"मग इथं काय बसलायस, मेल्या? ऊठ!"

मी उठलो. सुपरवायझर मागून हाका मारत होता, फाटकात मालाची गाडी उभी होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी काम तसंच टाकून निघालो.

घर वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. मी दहा मिनिटांत गेलो असेन. चारचं ऊन होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी दारावर थाप मारली. आतून कुणी आलं नाही. पुन्हा मारली, जोरानं, मुठीनं. मूठ दुखली, पण दार वाजलं नाही. लाकडाचं दार, रोज अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारं. शेवटी मी ओरडलो तेव्हा भावजयीनं दार उघडलं.

"अहो दादा, कडी तरी वाजवायची."

"धाकटा कुठाय?"

खोलीचे पडदे ओढलेले होते. तो कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. आडवं झालं की त्रास होतो म्हणाला. शेजारी पाण्याचा तांब्या होता. चेहरा भट्टीत न गेलेल्या कच्च्या मातीसारखा पांढुरका दिसत होता, आणि कपाळावर घामाचे थेंब.

"बरं आहे आता," तो म्हणाला. "पोट फारसं दुखत नाही. फक्त हा डावा खांदा ठणकतोय."

खांदा! मला केवढा धीर आला म्हणून सांगू. खांदा तर ट्रॉली ओढून ओढून सगळ्यांचाच दुखतो. मार पोटाला आणि दुखतोय खांदा, म्हणजे पोटाचं काही नाही. पुढे इस्पितळात डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की तो खांदाच सगळ्यात वाईट. पोटात रक्त साठून वर दाबायला लागलं की तिथं कळ येते. मला तेव्हा कुठून ठाऊक?

"मी कधीची म्हणतेय डॉक्टरकडे चला म्हणून," भावजय म्हणाली. "ऐकतच नाहीत. दादांनी बघितलंय, दादांनी बघितलंय, एवढंच चाललंय. चार तांबे पाणी प्यायलेत. आणि दुपारपासून… कुणाशी तरी बोलतायत."

"कुणाशी?"

"कुणीच नाहीये हो. मध्येच दचकतात. आणि म्हणतात, नाही सांगणार… नाही सांगणार."

मी धाकट्याकडे बघितलं. त्यानं नजर चुकवली.

'उद्या सकाळी पहिल्यांदा डॉक्टरकडे जाऊ', हे वाक्य माझ्या अगदी जिभेवर होतं. का, तेही सांगतो. आत्ता उठून गेलो असतो तर सकाळी मी सगळ्यांसमोर खोटं बोललो हे कबूल करावं लागलं असतं. सख्ख्या भावाचा जीव एका बाजूला आणि माझं नाक दुसऱ्या बाजूला, आणि मी उभा राहून विचार करत होतो. मला स्वतःची शिसारी येते ते आठवलं की.

तेवढ्यात भावजय म्हणाली, "दादा, तुम्ही एकदा पुन्हा वाजवून बघा ना. तेवढंच त्यांचं समाधान."

तिला आमची रीत ठाऊक नव्हती. धाकट्याला होती. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नको, अशी.

मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलो. सदरा वर केला. वळ आता जांभळा पडला होता, पोट ताठरलं होतं. मी त्याच्या डाव्या बरगडीला कान लावला. आत काळीज शिवणयंत्रासारखं धावत होतं. त्या एवढ्याशा खोलीत तोच ओल्या लोखंडाचा वास भरून राहिला होता. मी बोट वाकवून वर उचललं…

मी अजून ठोका दिला नव्हता.

आतून ठोका आला. टक. मग थोडं थांबून, वरच्या बाजूनं, टक. मग खाली, अगदी माझ्या कानापाशी, टक.

त्याचं काळीज वेगळं धावत होतं, ते मला ऐकू येत होतं. हे ठोके सावकाश होते. वाकवलेल्या बोटाचे. दोन ठोक्यांमध्ये मी जेवढं थांबतो, तेवढंच थांबून दिलेले. कुणीतरी आतल्या बाजूनं त्याला तपासत होतं.

मी कान तसाच ठेवला. पुन्हा तीन ठोके आले. धाकट्याचे ओठ माझ्या डोक्यावर, केसांपाशी हलले. तो काहीतरी पुटपुटला. माझा एक कान त्याच्या बरगडीवर होता आणि दुसऱ्या कानाला ते शब्द लागले नाहीत. पण तो बोलला आणि ठोके थांबले.

मग मी त्याला उचललं. नऊ वर्षांचा असताना उचलायचो तसं उचललं. वजन कळलंच नाही. भावजय शेजाऱ्याची गाडी आणायला अनवाणी धावली. वाटेत तो बेशुद्ध झाला.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी पोटाला हात लावला मात्र, आणि लगेच माणसं पळायला लागली. कसलंसं यंत्र फिरवून त्या बाहेर आल्या. "प्लीहा फाटलीय. पोटात रक्त साठलंय. किती वाजता लागलं होतं?"

"अकरा."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाच वाजायला आले होते. "सहा तास काय करत होतात?"

"मी वाजवून बघितलं होतं," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे क्षणभर नुसत्या बघत राहिल्या. मग वळून आत गेल्या. मी त्या बाकावर बसून लहान पोरासारखा रडलो. भावजयीनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

धाकटा वाचला. प्लीहा काढून टाकली, रक्ताच्या बाटल्या चढवल्या, पण वाचला. अजून अर्धा तास गेला असता तर हाती लागला नसता, असं बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात जाऊन भीतभीत एका बरणीला ठोका दिला. खणकन वाजली. मावशींनी लांबून बघितलं आणि त्या कामाला लागल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या खाटेपाशी बसलो होतो. भावजय औषधं आणायला खाली गेली होती. त्यानं डोळे उघडले आणि छताकडे बघत म्हणाला, "दादा, तू मला वाजवलंस ना… तेव्हापासून आत कुणीतरी वाजवत होतं."

मला ते तीन ठोके आठवले. तरी मी म्हणालो, "भुलीच्या औषधानं असं वाटतं. पडून राहा."

"नाही रे. दुपारभर. तीन ठोके द्यायचं आणि विचारायचं."

"काय विचारायचं?"

नळीतून थेंब पडत होते, ते मी मोजत राहिलो.

"तू… का तुझा भाऊ," तो म्हणाला.

"मग?"

"मी सांगितलंच नाही. दुपारभर सांगितलं नाही, दादा. देवाशपथ. मग तू आलास… कान लावलास. मला फार तहान लागली होती. फार घाबरलो होतो मी."

"मग काय सांगितलंस?"

त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "मग थांबलं," एवढंच म्हणाला.

याला आता चार महिने झाले. धाकटा हिंडतो-फिरतो. त्याला ऑफिसात हलकं काम दिलंय. पण तो पहिल्यासारखा राहिला नाही. मला जड उचलू देत नाही. मी जेवताना दोन घास कमी खाल्ले तर घास हातात धरून माझ्याकडे बघत बसतो. मला ठसका लागला की पाणी घेऊन उभा. "अरे, मी अजून मेलो नाही," असं मी एकदा चेष्टेनं म्हणालो. पूर्वी खदखदून हसला असता. तो उठून दुसऱ्या खोलीत गेला.

परवा त्यानं विषय काढला. "दादा, एकदा डॉक्टरकडे जाऊन येऊ."

"कशाला? मला काय धाड भरलीय?"

"काही नाही झालेलं. माहितीये मला. तरी चल."

"उगाच?"

"पाया पडतो तुझ्या," तो म्हणाला आणि खरंच वाकला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

उद्या सकाळी नऊची वेळ मिळालीय. त्याच डॉक्टरीण बाई. म्हणून तर तुम्हाला बोलावून घेतलं, की जावं का नको ते सांगा. मला काहीही होत नाहीये. झोप लागते, भूक लागते, दिवसाला पाचशे बरण्या वाजवतो. नाही गेलो तर त्याचं मन मोडेल. गेलो, तर त्या बाई माझ्या पोटावर हात ठेवतील. त्यांच्या हाताला काय लागेल, याची मला भीती वाटते. कारण काल संध्याकाळी वेळ घेण्यासाठी तो फोनवर बोलत होता. मी दाराच्या अलीकडे होतो, त्याला दिसत नव्हतो. त्यानं माझं नाव सांगितलं, वय सांगितलं. मग तिकडून विचारलं असावं, काय त्रास आहे. तो थोडा थांबला.

"मार लागलाय त्यांना," तो हळू आवाजात म्हणाला. "डाव्या कुशीत. ट्रॉलीचा दांडा. चार महिने झाले."

मला कधीही, कुठेही काही लागलेलं नाही. कालपासून मी अंगातला सदरा मात्र काढलेला नाही.